विसाव्यापाशी वाटलेले पेढे

शेषण्णा मंगळवारी सकाळी गेले. दुपारी त्यांना नेलं. वाटेत विसाव्यापाशी उमेश शिंत्रे यानं पेढे वाटले.

ही तीन वाक्यं लिहून मी बरेच दिवस थांबलो होतो. पुढचं सुचत नव्हतं असं नाही. पुढचं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी बाजूचं होत होतं, आणि मला अजून माझी बाजू सापडलेली नाही. म्हणून पेढ्यांचं नंतर. आधी शेषण्णांबद्दल लिहितो.

शेषगिरीराव नरगुंदकर फौजदारी वकील होते. धारवाडच्या कोर्टात, आणि काम पडलं की हुबळीच्या. धारवाडला, सप्तापुरात, आमची घरं लागून. मधे कढीपत्त्याचं एक झाड, ते दोन्ही घरांचं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसणं हाच माझा उद्योग झाला. ते बोलायचे, मी ऐकायचो. "तुम्ही ग्रंथपाल लोक बरे," ते म्हणायचे. "कुणी काय वाटेल ते लिहिलेलं असो, पाठीला नंबर चिकटवता आणि फळीवर उभं करता."

उंच होते, पण खांद्यात वाकलेले. काळ्या कोटाच्या डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. साक्षीदार अडखळला की एक शेंगदाणा तोंडात टाकून त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, काय खाताय?" शेषण्णा उठून म्हणाले, "साक्षीदाराचं उत्तर येईपर्यंत भूक लागते, स्वामी." रागावले की ते कानडीत जायचे, राग ओसरला की मराठीत परत यायचे. मग आतून सिंधूअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "आले बघा हुबळीला जाऊन."

या सिंधूअक्का त्यांच्या वकिलीत किती होत्या हे कोर्टात कुणाला माहीत नव्हतं. शेषण्णांची एक पद्धत होती. आमच्या गावात माणसं अपमान फार जपून ठेवतात. अमका मला लग्नात असं म्हणाला, तमक्यानं सभेत तसं म्हटलं, नोटीस द्या. असा माणूस आला की शेषण्णा त्याला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसवायचे. खिडकी रस्त्यावर उघडी. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, मधलं दार उघडं. आणि म्हणायचे, "काय म्हणाला तो? म्हणून दाखवा."

"नको हो. घाण बोलला."

"तेच म्हणून दाखवा. आत अक्काला ऐकू गेलं पाहिजे. तिला ऐकू गेलं नाही तर न्यायाधीशाला काय ऐकू जाणार?"

एकदा एक मुख्याध्यापक आले होते. संस्थेच्या अध्यक्षांनी स्नेहसंमेलनात भर माईकवर त्यांना "वाजणारं पिंप" म्हटलं होतं. मुख्याध्यापकांनी आधी ते पुटपुटलं. शेषण्णांनी हात कानामागे नेला. मग जरा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक असे तापले की अध्यक्षांच्याच आवाजात, त्यांच्यासारखी मान हलवून गरजले, "वाजणारं पिंप!" आत अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांना हसू आवरेना. मुख्याध्यापकांनी क्षणभर दाराकडे बघितलं आणि तेही हसायला लागले. रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवालीनं खिडकीतून विचारलं, "काय झालं री?" केस तिथंच संपली. शेषण्णांनी फी म्हणून त्यांच्याकडून मिरचीभजी आणि चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलं.

पण प्रत्येक वेळी हसू येत नसे. एक बाई आल्या होत्या, धाकट्या जावेविरुद्ध. त्यांनी ते वाक्य एकदाच म्हटलं, हळू आवाजात. आतलं भांडी घासणं थांबलं. मग काहीच आवाज आला नाही. शेषण्णा उठले, कोट चढवला आणि त्याच दिवशी नोटीस काढली. मला म्हणाले, "अक्का हसली तर शब्द आहे. गप्प बसली तर जखम आहे. कायद्यात याला कलम नाही, म्हणून मी लग्न केलं." आतून उत्तर आलं, "लग्न तुमच्या आईनं केलं. तुम्ही फक्त उभे होता."

आता दुर्गदबैलची गोष्ट.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात बाबासाहेब शिंत्रे यांचं धान्याचं दुकान आणि मागं गोदाम. मिरजेकडचं घराणं, तीन पिढ्या हुबळीत. एके दिवशी गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली आणि यल्लप्पा नावाचा हमाल खाली सापडून मेला. बाबासाहेबांनी पोलिसांना सांगितलं, तो पिऊन आला होता, पिऊन मेला. हमालांचं म्हणणं, यल्लप्पा दारूला शिवत नव्हता. खरं काय ते मला माहीत नाही. बाबासाहेब त्याच्या घरी मात्र गेले नाहीत. हमाल काही बोलले नाहीत. रोज तिथंच काम करायचं होतं.

पुढं काही वर्षांनी बाबासाहेब वारले. त्यांची यात्रा निघाली. आपल्याकडे अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात, तो विसावा. विसाव्याला माणसं थांबतात, तेवढा वेळ कुणी कुठं जाऊ शकत नाही. हमालांना हे माहीत होतं. ते रस्त्याच्या कडेला रिकाम्या हातगाड्या लावून उभे होते. तिरडी खाली टेकली आणि ते ओरडायला लागले. कानडीत ओरडत होते, मराठीत ते एवढंच होतं: "पिऊन मेला! पिऊन मेला!"

बाबासाहेबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. हे हमालांनाही माहीत होतं. म्हणून तर ओरडत होते.

बाबासाहेबांचा मुलगा उमेश यानं तक्रार दिली. अंत्यसंस्काराला जमलेल्यांना त्रास देणं, भावना दुखावणं हा गुन्हा आहे, आणि असायलाही हवा असं मला वाटतं. हमालांची केस शेषण्णांनी घेतली. मी विचारलं, "मयतीत ओरडायचं, हे तुम्हाला पटतं?"

"नाही."

"मग?"

"जिवंत होता तेव्हा बोलले असते तर काम गेलं असतं. मेल्यावर बोलले तर तुरुंग. मग त्यांनी बोलायचं कधी, ते सांगा."

उलटतपासणीच्या दिवशी मी हुबळीच्या कोर्टात मागच्या बाकावर होतो. पुढच्या बाकावर उमेशची आई. उमेश पिंजऱ्यात, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. शेषण्णांनी विचारलं, "काय ओरडत होते?"

"घाण घाण ओरडत होते."

"शब्द सांगा."

शेषण्णांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

"पिऊन मेला," उमेश म्हणाला.

"मोठ्यानं. टायपिस्टला ऐकू आलं नाही." पंखा खडखडत होता हे खरं.

"पिऊन मेला."

"कोण?"

"माझे वडील."

"सगळं एकत्र सांगा."

"माझे वडील पिऊन मेले, असं ओरडत होते."

"हेच वाक्य तुमच्या वडिलांनी यल्लप्पाबद्दल पोलिसांना सांगितलं होतं?"

उमेशनं आईकडे बघितलं. "हो," तो म्हणाला. "तेच."

हमाल सुटले. निकालानंतर त्यांनी शेषण्णांना हार घातला. शेषण्णांनी तो काढून हातगाडीच्या दांड्याला अडकवला. उमेशची आई कोर्टाच्या पायरीवर बसून होती. तिच्या बाजूनं जाताना शेषण्णा थांबले, मग पुढं झाले.

त्या आठवड्यात उमेश सप्तापूरला आला. मी कट्ट्यावर होतो. तो बसला नाही, मोटरसायकलवरून उतरलाही नाही. म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही मराल ना, तेव्हा मी पेढे वाटीन."

शेषण्णा म्हणाले, "वाट की. पण हुबळीचे नको, धारवाडचे वाट. आणि आमच्या गुंडूला आधी दे. त्याला दम निघत नाही."

गुंडूकाका हे त्यांचे चुलतभाऊ, तेव्हाच ऐंशीला टेकलेले, कानानं अधू. मला हसू आलं. सवयीनं मी दाराकडे कान लावला. आतून काहीच आवाज आला नाही. उमेश मोटरसायकल वळवून गेला.

दुसऱ्या दिवशी वेताची खुर्ची खिडकीजवळ नव्हती. भिंतीला लावून ठेवलेली होती, तोंड आतल्या बाजूला. पुढं माणसं येत राहिली, अपमान घेऊन येत राहिली, शेषण्णा कागद मागवायचे, वाचायचे, काम करायचे. "म्हणून दाखवा" हे मात्र मी पुन्हा ऐकलं नाही.

मंगळवारी त्यांना नेताना रस्त्यावर बरीच माणसं होती. वकील होते, दोन निवृत्त न्यायाधीश होते, हमालही आले होते. लिंबाच्या झाडाखाली विसावा झाला. तिरडी खाली ठेवली तेव्हा समोरून उमेश आणि त्याच्या दुकानातली सहा-सात माणसं आली. अंघोळ करून आल्यासारखी, स्वच्छ कपड्यात. हातात पेढ्यांचे खोके. कुणी ओरडलं नाही. एक शब्द बोललं नाही. खोके उघडून पुढं धरले, एकेकासमोर.

कुणाच्या लक्षात यायच्या आत गुंडूकाकांनी हात पुढं केला. आमच्या गावात पेढा पुढं आला की हात जातोच. त्यांनी पेढा कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि मोठ्यानं विचारलं, "कुणाकडं काय झालं रे?"

समोर उमेशच होता. त्याचा चेहरा मी बघितला. त्याला हे अपेक्षित नव्हतं. "काही नाही, काका," तो म्हणाला.

शेषण्णांचा पुतण्या प्रल्हाद पुढं तिरडीपाशी होता. तो हुबळीत केशवापूरला राहतो, त्यांच्याच हाताखाली वकिली शिकला. त्यानं उमेशच्या हातातला खोका उडवला. पेढे रस्त्यावर पसरले. लोकांनी प्रल्हादला धरलं. उमेशची माणसं बाजूला झाली. तिरडी उचलली. आणि मग मी जे बघितलं ते मला कुणाला सांगता आलेलं नाही: पेढ्यावर पाय द्यायचा नाही म्हणून खांदेकरी वाकडे चालले. सगळी यात्रा पेढे चुकवत, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी पुढं गेली. शेषण्णा वर हलत होते.

प्रल्हादनं एक भरलेला खोका उचलून आणला होता. संध्याकाळी तो त्यानं अक्कांसमोर ठेवला. "मुद्देमाल," तो म्हणाला. तक्रार त्यानं आधीच तयार केली होती. "काकू, तुमची सही पाहिजे. भावना तुमच्या दुखावल्यात."

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "काय बोलले ते?" त्यांनी विचारलं.

"काही बोलले नाहीत."

"मग?"

"पेढे वाटले, काकू! मयतीत!"

"हे असते तर काय म्हणाले असते?"

प्रल्हादनं तक्रारीच्या कागदाची घडी घातली. मग खाली बघून म्हणाला, "काका असते तर उमेशचं वकीलपत्र घेतलं असतं त्यांनी."

अक्का जरा हसल्या. त्या दिवसात तेवढंच. मग म्हणाल्या, "चौदावा होऊ दे. मग बघू." खोका त्यांनी कपाटावर ठेवायला सांगितला.

मधल्या दिवसांत मी पुस्तकं चाळली. भाषण म्हणजे काय, कुठं थांबायचं, मेलेल्याला अब्रू असते का. प्रत्येक पुस्तकात मला पटणारी पानं सापडली आणि ती एकमेकांच्या विरुद्ध होती. हमालांचा माणूस मेला होता; उमेशला फक्त एक वाक्य म्हणायला लावलं होतं. म्हणजे फरक आहे. पण हमाल ओरडले होते. उमेश गप्प होता. म्हणजे दुसऱ्या बाजूनंही फरक आहे. आणि शेषण्णा स्वतः "वाट की" म्हणाले होते. चेष्टेतली परवानगी ही परवानगी असते का? हे विचारायला सगळ्यात योग्य माणूस शेषण्णाच होते. दोन्ही बाजूंनी जाऊन मी पुन्हा कढीपत्त्यापाशी यायचो.

चौदावा झाला. गोडाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी अक्का पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या. "दुर्गदबैलला यायचं का? प्रल्हादला नका सांगू. तो वकील आहे."

बसनं हुबळीला आलो, पुढं रिक्षा. पिशवीत पेढ्यांचा खोका होता. आमचा पेढा टिकतो.

उमेश दुकानात गल्ल्यावर होता. अक्कांना बघून तो उभा राहिला. "बसा की," असं सवयीनं म्हणून गेला, मग लाजल्यासारखा झाला. दोन गिऱ्हाईकं होती. बाहेर हमाल गाडीवर पोती चढवत होते. अक्कांनी खोका गल्ल्यावर ठेवला.

"तक्रार लिहून तयार आहे," त्या म्हणाल्या. "मी सही केलेली नाही."

"करा," उमेश म्हणाला. "मी वाटच बघतोय."

"कशाची?"

"कोर्टाची. तुम्ही पिंजऱ्यात याल. माझा वकील विचारेल, काय वाटलं ते मोठ्यानं सांगा. टायपिस्टला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." त्यानं गल्ला ढकलून बंद केला. "माझी आई पुढच्या बाकावर होती, अक्का. तुम्ही घरी होता. तुम्हाला काय कळणार?"

अक्कांनी रिकामी पिशवी दुमडली. मग म्हणाल्या, "त्याला कोर्ट कशाला पाहिजे?"

त्या वळल्या, गिऱ्हाइकांकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला नेत होते तेव्हा या माणसानं पेढे वाटले."

गिऱ्हाईकं चमकली. कुणी तरी वजनकाट्यावरचा हात काढला. अक्कांनी पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. एकही शब्द गाळला नाही. मग त्या दुकानाच्या पायरीवर गेल्या आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा कानडीत म्हणाल्या, हमालांना कळेल असं. हमाल पोतं खांद्यावर तसंच ठेवून थांबले. त्यांतले काही शेषण्णांनी सोडवलेले होते. त्यांनी माना खाली घातल्या. कशासाठी, ते मला समजलं नाही.

आतल्या जिन्यावरून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "पुरे करा की." उमेशची आई. पुरे कुणी करायचं, अक्कांनी की तिच्या मुलानं, हेही समजलं नाही.

उमेश गल्ल्यामागं उभाच होता. त्याला हवं होतं ते मिळालं की त्याच्या हातातून ते गेलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. मला वाटतं त्यालाही सांगता आलं नसतं. "सही करणार नाही म्हणजे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग खोका घेऊन जा."

"तुझा आहे," अक्का म्हणाल्या. "एक कमी असेल तर तो गुंडूभावजींनी खाल्ला म्हणून समज. त्यांना आवडला."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. बस धारवाडात शिरली. मग म्हणाल्या, "तोंड कोरडं पडतं हो."

"काय?"

"म्हणताना. यांना ते माहीत नव्हतं. हे नेहमी ऐकायच्या बाजूला."

"मग उमेशचं बरोबर?"

"असं कुठं म्हटलं मी?" त्या चिडून म्हणाल्या, आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

तेव्हा मला सोमवार आठवला. शेषण्णा जायच्या आदल्या दिवशीचा. संध्याकाळी मी नेहमीसारखा गेलो, तर ते त्यांच्या खुर्चीवर नव्हते. भिंतीकडच्या वेताच्या खुर्चीवर बसले होते, पक्षकाराच्या जागी. ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत; पण ते स्तोत्र म्हणणारे नव्हते. मी विचारलं, "काय म्हणताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "म्हणून बघत होतो."

मी दिवा लावला आणि त्यांच्या शेजारी बसलो.

प्रल्हाद माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटतं, अक्कांना मी फितवलं. उमेशनं माफी मागितलेली नाही. तक्रार दिलेली नाही. वेताची खुर्ची अक्कांनी पुन्हा खिडकीजवळ ठेवली आहे, आणि मधलं दार उघडं असतं.